इब्नुल हैसम आणि अंधारी खोली

वाचकहो, इब्नुल हैसम यांचे नाव आपल्या घरांतील मुलांनी एकदा तरी ऐकलेले असते. मदरशाच्या किंवा शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात एखादा विद्यार्थी मुस्लिम शास्त्रज्ञांवर भाषण करतो, तेव्हा अल-ख्वारिझ्मी आणि इब्न सीना यांच्या पाठोपाठ हे नाव येते. त्याच्याबरोबर दोन वाक्येही हमखास येतात. कॅमेऱ्याचा शोध त्यांनी लावला, हे पहिले. कॅमेरा हा शब्दच मुळी अरबी ‘कमरा’वरून आला, हे दुसरे. सभेत टाळ्या पडतात आणि मूल आनंदाने खाली बसते.

यातील दुसरे वाक्य खरे नाही. कॅमेरा हा लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ कमानदार छताची खोली, आणि लॅटिनने तो ग्रीक भाषेतून घेतला. आपल्या उर्दूतील ‘कमरा’ हा शब्ददेखील अरबस्तानातून आलेला नाही. तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरला. पहिले वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे अधिक घोटाळ्याचे असते. इब्नुल हैसम यांनी चित्रे टिपणारे कोणतेही यंत्र तयार केले नाही. त्यांनी केलेले काम याहून मोठे होते, आणि ते समजून घ्यायचे तर त्यांच्या आयुष्याची हकीकत मुळापासून पाहिली पाहिजे.

अबू अली अल-हसन इब्नुल हसन इब्नुल हैसम यांचा जन्म हिजरी सन ३५४ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ९६५ च्या आसपास, इराकमधील बसरा शहरात झाला. बसरा हे त्या काळी व्यापाराचे आणि विद्येचे मोठे केंद्र. भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे येणारी जहाजे त्या भागातूनच निघत. गणित, ज्योतिष, वैद्यक, तत्त्वज्ञान या साऱ्यांचे ग्रीक ग्रंथ अरबीत उतरून तोवर शंभर-दीडशे वर्षे झाली होती, आणि ते वाचून त्यांच्यावर वाद घालणाऱ्या विद्वानांची परंपरा तेथे रुजली होती. तारुण्यात त्यांच्यावर सरकारी कामाची जबाबदारी आली. मात्र त्यांचे मन हिशेबाच्या वह्यांत रमले नाही.

पुढची कथा इब्नुल किफ्ती या चरित्रकाराने सांगितली आहे. नाईल नदीला कधी पूर येतो, कधी ती आटते, आणि दोन्हींत शेतकरी मरतो. आपण मिसर देशात असतो तर नदीच्या पाण्याला दोन्ही वेळा उपयोगी पडेल असे वळण लावले असते, अशा अर्थाचे काही इब्नुल हैसम बोलून गेले. हे बोलणे फातिमी शासक अल-हाकिम याच्या कानी पोहोचले. हा शासक विद्वानांचा चाहता होता. काहिऱ्यात, म्हणजे आजच्या कैरोत, त्याने दारुल इल्म ही मोठी ग्रंथशाळा उभारली होती. त्याच वेळी तो कमालीचा लहरीही होता. आज एक हुकूम, उद्या त्याच्या उलट दुसरा, आणि मर्जी फिरली की मोठमोठ्या अधिकाऱ्यांची मस्तके धडावेगळी होत. अशा माणसाने इब्नुल हैसम यांना मानाने बोलावून घेतले आणि शहराबाहेर येऊन स्वतः त्यांचे स्वागत केले, असे चरित्रकार लिहितो.

इब्नुल हैसम कारागिरांचा ताफा घेऊन नदीच्या वरच्या अंगाला निघाले. वाटेत त्यांना प्राचीन मिसरी लोकांनी बांधलेल्या वास्तू दिसत गेल्या. त्या इमारतींचे मोजमाप आणि भूमितीतील अचूकता पाहून त्यांच्या मनात विचार आला, की ज्या लोकांना इतके ज्ञान होते, त्यांना हे काम शक्य असते तर त्यांनी ते केलेच असते. अस्वानजवळच्या अल-जनादिल या धबधब्याच्या जागी पोहोचल्यावर त्यांनी नदी नीट पाहिली आणि आपली योजना पार पडणार नाही हे ओळखले. त्याच अस्वानपाशी मोठे धरण पूर्ण व्हायला १९७० साल उजाडले, हे लक्षात घेतले तर त्यांची कल्पना खुळी नव्हती हे पटते. त्यांच्या काळाची साधने तिला पुरी पडणारी नव्हती. परत येऊन त्यांनी शासकापुढे आपले अपयश सांगितले. ज्या दरबारात खोटे बोलून वेळ मारून नेणे हाच जीव वाचविण्याचा सोपा मार्ग होता, तेथे ते खरे बोलले, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगून पुढे जातो. मला ती त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली वाटते.

अल-हाकिमने त्यांना शिक्षा केली नाही, उलट एका खात्यात नेमले. पण ही नेमणूक म्हणजे वाघाच्या गुहेतील बिछाना होता. नकार देणे धोक्याचे आणि राहणेही धोक्याचे. तेव्हा इब्नुल हैसम यांनी वेडाचे सोंग घेतले. वेड्याला शरीअतच्या दृष्टीने जबाबदार धरता येत नाही. त्यांची मालमत्ता त्यांच्याच नावाने जप्त झाली, देखभालीला माणूस नेमला गेला आणि त्यांना घरात बंदिस्त करण्यात आले. हिजरी ४११, म्हणजे इसवी सन १०२१ मध्ये अल-हाकिम एका रात्री मुकत्तमच्या टेकड्यांकडे गेला आणि परतला नाही. त्यानंतर इब्नुल हैसम यांचे वेड ओसरले.

येथे आणखी एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. घरात कोंडलेले असताना भिंतीच्या फटीतून आलेल्या प्रकाशाने समोरच्या भिंतीवर बाहेरचे दृश्य उलटे उमटले आणि त्यांना साक्षात्कार झाला, अशी ती कथा आहे. मुलांच्या पुस्तकांत ती रंगीत चित्रांसह येते. जुन्या चरित्रकारांच्या लिखाणात ती नाही. प्रकाशावरील त्यांचा मोठा ग्रंथ, किताबुल मनाझिर, हा सुटकेनंतरच्या वर्षांत, साधारण १०२८ ते १०३८ या काळात पुरा झाला असावा, असे या ग्रंथाचे आधुनिक अभ्यासक अब्दुल हमीद साबरा यांचे मत आहे. सात भागांचे ते काम एका दुपारच्या साक्षात्काराचे नव्हे, वर्षानुवर्षांच्या कष्टाचे आहे.

सुटकेनंतर ते जामिया अल-अझहरच्या दाराशी एका घुमटीत राहू लागले. पोटापाण्यासाठी त्यांनी जे केले ते आपल्या तरुणांना सांगण्याजोगे आहे. त्यांचे अक्षर सुंदर होते. ते दरवर्षी युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा अल-मजिस्ती हा ज्योतिषग्रंथ आणि या दोहोंच्या मधल्या पायरीवरचे गणिती ग्रंथ स्वतःच्या हाताने नकलून काढत. त्याचे १५० मिसरी दीनार ठरलेले असत, भाव करण्याचे कारण नसे, आणि तेवढ्यावर वर्ष निघे. एक अमीर त्यांच्याकडे शिकण्यास आला, तेव्हा त्यांनी महिना शंभर दीनार मागितले; तीन वर्षे शिकवून झाल्यावर निरोप देताना सारी रक्कम परत केली. त्याला विद्येची खरी ओढ आहे की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते. ही कथा दुसऱ्या एका चरित्रकाराची आहे, आणि अशा कथा थोरांभोवती जमतात हे खरे. तरी त्यांचा स्वभाव कसा मानला जात होता हे तीवरून कळते.

आता त्यांच्या मुख्य कामाकडे वळू. आपण पाहतो म्हणजे काय घडते, हा प्रश्न त्यांच्या पूर्वी हजार वर्षे लढवला जात होता. युक्लिड आणि टॉलेमी यांचे म्हणणे, की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, जसा आंधळा काठीने चाचपतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की वस्तूचे रूपच डोळ्यात शिरते. पहिल्या पक्षाकडे भूमिती होती, दुसऱ्याकडे निसर्गाचे ज्ञान, आणि दोघेही एकमेकांचे ऐकत नव्हते. इब्नुल हैसम यांनी साधी निरीक्षणे पुढे मांडली. प्रखर सूर्याकडे पाहिले तर डोळा दुखतो. दुखविणारी गोष्ट बाहेरून आत आली असली पाहिजे. उजेडाकडे पाहून अंधाऱ्या जागी नजर वळविली तर उजेडाची आकृती काही काळ डोळ्यापुढे राहते. म्हणजे प्रकाशाने डोळ्यावर परिणाम केला आहे. मग त्यांनी सांगितले, की प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना सरळ रेषेत जातो, आणि त्यातला काही डोळ्यात येतो. भूमिती पहिल्या पक्षाची घेतली, दिशा दुसऱ्या पक्षाची घेतली, आणि दोन्ही प्रयोगाच्या कसावर घासून पाहिल्या.

पण एक अडचण उरते. प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना प्रकाश जात असेल, तर हवेत सगळे प्रकाश एकमेकांत मिसळून गोंधळ का होत नाही? याच्या उत्तरासाठी ती अंधारी खोली आली. तिला ते अल-बैतुल मुझलिम म्हणतात. एका छिद्रासमोर, बाहेरच्या बाजूला, निरनिराळ्या जागी अनेक दिवे ठेवा. छिद्रातून आतल्या काळोख्या खोलीत प्रकाश येईल आणि समोरच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका दिसेल. आता एक दिवा झाका. फक्त त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. झाकण काढा, तो पुन्हा त्याच जागी येतो. सारे प्रकाश त्या एकाच लहान छिद्रातून गेले, तरी कोणीही कोणात मिसळला नाही.

वाचकहो, हा प्रयोग आपण घरी करून पाहावा. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यांत अजून लाकडी झडपांच्या खिडक्यांची घरे आहेत. ती नसली तर नव्या इमारतीतील खोलीही चालेल. ऊन चांगले पडलेले असताना खिडकीला काळा पुठ्ठा लावावा, फटी बुजवाव्यात, आणि पुठ्ठ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढे भोक पाडावे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रस्ता उलटा दिसू लागेल : आकाश खाली, माणसे छतावरून चालणारी, रिक्षा उलट दिशेने जाणारी. आपली खिडकी कर्नाळ्याच्या बाजूला उघडत असेल तर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका जमिनीकडे बोट दाखवताना दिसेल. कारण सोपे आहे. सुळक्याच्या टोकाकडून आलेला प्रकाश सरळ रेषेत भोकातून उतरतो म्हणून भिंतीवर खाली पडतो, आणि पायथ्याचा प्रकाश वर जातो. मुलांनी हे स्वतःच्या घरात पाहिले म्हणजे शंभर भाषणांचे काम होते. सूर्याकडे मात्र भोकातून डोळा लावून पाहू नये.

ग्रहणाच्या आकृतीवर इब्नुल हैसम यांनी एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. खंडग्रास सूर्यग्रहणात बारीक छिद्रातून आलेला प्रकाश चंद्रकोरीसारखा उमटतो; मग कोरीच्या चंद्राचा प्रकाश त्याच छिद्रातून कोरीसारखा का उमटत नाही, हा त्यातील प्रश्न आहे. छिद्राचा आकार, त्याचे पडद्यापासूनचे अंतर, आकाशस्थ गोलाचे लहान-मोठेपण यांचा हिशेब मांडून त्यांनी उत्तर काढले. छिद्र मोठे होत गेले की सूर्याच्या कोरीचा आकारही पुसट होत जातो, हे त्यांनी दाखविले. अशी उलटी आकृती त्यांच्या पूर्वी कोणी पाहिलीच नव्हती असे नाही. ग्रीसमध्ये झाडाच्या पानांखाली आणि चीनमध्ये भिंतीच्या छिद्रातून ती पाहिली गेली होती. तिचा गणिताने आणि प्रयोगाने असा कसून छडा लावण्याचे श्रेय इब्नुल हैसम यांचे.

ग्रहणाचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग आठवावा, जो आपणा सर्वांना ठाऊक आहे. मदीनेत प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की या दुःखामुळेच सूर्य काळवंडला. पित्याच्या काळजाला त्या दिवशी केवढी जखम झालेली होती! आणि लोकांची ही समजूत त्यांचा मान वाढविणारी होती. तरीही प्रेषितांनी ती तेथल्या तेथे दूर केली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्मामुळे वा मरणामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी लोकांना नमाजकडे वळविले. आपल्या बाजूने झुकणारी चुकीची गोष्टदेखील चालू द्यायची नाही, हा धडा ज्या समाजाला इतक्या कठीण दिवशी मिळाला, त्या समाजाने आपल्या शास्त्रज्ञांविषयी ऐकीव बढाया मुलांच्या तोंडी घालाव्यात, हे कसे शोभते?

इब्नुल हैसम स्वतः याबाबत फार कडक होते. टॉलेमीच्या ग्रंथांवरील शंका या नावाचे त्यांचे एक पुस्तक आहे. पूर्वजांच्या लिखाणावर डोळे मिटून विसंबणारा सत्याचा शोधक नव्हे, त्यांच्याविषयीच्या आपल्या भरवशावर जो संशय घेतो आणि पुराव्यामागे जातो तो खरा शोधक, आणि अशा माणसाने स्वतःच्या समजुतीचीही उलटतपासणी करावी, असा त्याच्या आरंभीचा आशय आहे. त्यांचे स्वतःचे प्रतिपादनही निर्दोष नव्हते. डोळा हीसुद्धा एक अंधारी खोली आहे आणि आतले चित्र उलटे पडते, हा शेवटचा टप्पा त्यांनी ओलांडला नाही. उलटे चित्र उमटूनही आपल्याला जग सुलटे दिसते, ही गोष्ट त्यांना पटण्याजोगी नव्हती. ते काम १६०४ साली योहानेस केप्लर यांनी केले. त्यांची बैठक मात्र इब्नुल हैसम यांच्याच भूमितीची होती.

चित्रकलेचा संबंध येथे कोठे येतो, असे आपण विचाराल. किताबुल मनाझिरचा मोठा भाग डोळ्याविषयी नसून मनाविषयी आहे. डोळ्याला प्रकाश आणि रंग मिळतात. अंतर, आकारमान, घनता, खडबडीतपणा, सौंदर्य हे सारे मन अनुभवाच्या आधारे ठरविते. असे २२ गुण ते मोजतात. पौर्णिमेचा चंद्र क्षितिजावर मोठा दिसतो तो डोळ्याच्या दोषाने नव्हे. मधल्या जमिनीवरून मन अंतराचा चुकीचा अंदाज बांधते. याच ओघात चित्रकारांचा उल्लेख येतो. गुळगुळीत फलकावर ते केसाळ जनावर असे रंगवितात, की अंगावरचे केस उभे आहेत असे पाहणाऱ्याला वाटते. चित्र म्हणजे दृष्टीची होणारी एक नेमकी, मोजता येणारी फसगत, ही जाण त्यांना होती.

त्यांच्या निधनानंतर, म्हणजे १०४० च्या सुमारानंतर, दहा-पंधरा वर्षांत त्याच काहिऱ्यात वझीर अल-याझूरी याने दोन चित्रकारांची स्पर्धा लावल्याची हकीकत इतिहासकार अल-मक्रीझी सांगतो. दोघांनी एकेका कोनाड्यात नर्तकीची आकृती काढली. एकाने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या वस्त्रांत, अशी की ती भिंतीत शिरत आहे असे वाटावे. दुसऱ्याने पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल वस्त्रांत, अशी की ती भिंतीतून बाहेर येत आहे. या चित्रकारांनी किताबुल मनाझिर वाचले होते असे म्हणायला पुरावा नाही. पण त्या शहराला हा प्रश्न परका नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

ग्रंथाचा पुढचा प्रवास पश्चिमेकडे झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस किंवा तेराव्याच्या आरंभी तो लॅटिनमध्ये गेला आणि लेखकाचे नाव अल-हसनचे अल्हाझेन झाले. चौदाव्या शतकात तो इटालियन भाषेत उतरला, आणि हा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण कारागीर लॅटिन वाचत नसत. फ्लॉरेन्सचे प्रसिद्ध शिल्पकार लोरेन्झो गिबेर्ती यांनी आपल्या टिपणांच्या तिसऱ्या भागात त्यातील मजकूर पानेच्या पाने उतरवून घेतला. त्याच शहरात ब्रुनेलेस्की यांनी आरशाच्या साहाय्याने दूर-जवळ दाखविण्याची रीत सिद्ध केली होती, आणि अल्बेर्ती यांनी १४३५ मध्ये चित्रकारांसाठी जे पुस्तक लिहिले त्याचा पाया डोळ्यात येऊन मिळणाऱ्या किरणांचा शंकू हाच आहे. पुढे देल्ला पोर्ता यांनी १५५८ मध्ये अंधाऱ्या खोलीत उमटलेल्या आकृतीवरून रेखाटन करण्याची युक्ती छापून प्रसिद्ध केली. दहा वर्षांनी डॅनिएले बार्बारो यांनी छिद्रात भिंग बसविण्याचा सल्ला दिला. खोली लहान होत तंबूएवढी झाली, मग पेटीएवढी, आणि चित्रकार ती काखेत मारून हिंडू लागले.

मोठमोठ्या चित्रकारांनी ही साधने किती वापरली, यावर विद्वानांत वाद आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी आणि भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फाल्को यांनी २००१ च्या सुमारास असे मांडले, की सुमारे १४३० पासूनच युरोपातील चित्रकार अंतर्गोल आरसे आणि भिंगे लपूनछपून वापरत होते. याला अनेक जाणकारांनी विरोध केला. त्या काळचा एकही लेख तसे सांगत नाही, असे ते म्हणतात. सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीर यांच्याबद्दल हा तर्क अधिक सबळ आहे, कारण त्यांच्या अनेक चित्रांतील खोलीचे मोजमाप एकमेकांशी जुळते. तरी त्यांच्या मृत्यूनंतर घरातील वस्तूंची जी यादी झाली, तीत असे उपकरण नाही. आपण येथे निकाल देण्याचे कारण नाही. हॉकनी यांचे सगळे म्हणणे कोसळले तरी गिबेर्ती यांच्या टिपणांतील ती पाने जागच्या जागी राहतात, आणि ती इब्नुल हैसम यांची आहेत.

ही पेटी आपल्या प्रांतातही आली. थॉमस डॅनिएल आणि त्यांचे पुतणे विल्यम हे इंग्रज चित्रकार सात वर्षे हिंदुस्थानभर हिंडले, आणि इमारतींच्या रेखाटनासाठी ते अंधाऱ्या पेटीचा उपयोग करीत. आज जुन्या हिंदुस्थानातील मशिदी, मकबरे आणि किल्ले कसे दिसत हे पाहायचे असेल, तर त्यांच्या १४४ छापील चित्रांकडे वळावे लागते. १७९३ मध्ये ते मुंबईस आले, तेव्हा जेम्स वेल्स हे स्कॉटिश चित्रकार त्यांना घारापुरी, कान्हेरी आणि कार्ले येथील लेणी दाखविण्यास घेऊन गेले. वेल्स पुण्यात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढीत, आणि गंगाराम तांबट हे पुण्याचे मराठी चित्रकार वेरूळच्या कामात त्यांचे साहाय्यक होते. त्या काळी मुंबईहून पुण्याला जाण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे पडावाने पनवेल बंदर, तेथून चौक आणि खोपोली, आणि पुढे बोरघाट. साहेबांच्या सामानाबरोबर नळ्या, भिंगे आणि पेट्या आपल्याच खाडीवर उतरत, आणि हमाल त्या बैलांवर लादत. त्या पेट्यांमागची विद्या बसऱ्याच्या एका माणसाची आहे, हे त्या धक्क्यावर कोणाला ठाऊक असणार!

१८३९ मध्ये पेटीतील आकृती रसायनाने कायम टिकविण्याची रीत जगापुढे आली आणि एक नवा प्रश्न आपल्या घरांत शिरला. सजीवांची चित्रे काढण्याविषयी हदीसमध्ये जी मनाई आहे, ती छायाचित्राला लागू होते काय? मिसरचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी असे प्रतिपादन केले, की छायाचित्रात माणूस आकृती निर्माण करीत नाही. अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची जी छाया प्रकाशाने पडते, ती केवळ धरून ठेवली जाते, जशी आरशात दिसते तशी. हिंदुस्थानातील अनेक उलेमांना, विशेषतः देवबंदच्या मुफ्ती मुहम्मद शफी यांना, हे पटले नाही. साधन बदलल्याने हुकूम बदलत नाही, हाताने काढले काय आणि यंत्राने काढले काय, परिणाम तोच, अशी त्यांची भूमिका. आपल्या कुटुंबांत दोन्ही मते मानणारी माणसे आहेत, आणि या विषयात आपापल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे हेच योग्य. मला येथे वेगळेच काही सुचवायचे आहे. दोन्ही पक्षांचे आलिम ज्या पायावर उभे राहून बोलतात, की प्रकाश वस्तूवरून निघतो, सरळ येतो आणि आपल्या नियमाने आकृती उमटवितो, तो पाया अल-अझहरच्या दाराशी राहणाऱ्या त्या नकलनविसाने घातला. बखीत यांचे शिक्षण त्याच अल-अझहरमध्ये झाले होते.

सूरह अल-फुरकानमध्ये छायेच्या पसरण्याकडे आणि सूर्याला तिचा मार्गदर्शक केल्याकडे आपले लक्ष वेधलेले आहे. इब्नुल हैसम यांनी छायांवरही पुस्तिका लिहिली, आणि किब्ल्याची दिशा गणिताने काढण्यावरही. पनवेलच्या मशिदींचा किब्ला पश्चिमेकडून किंचित उत्तरेला का झुकतो, याचे उत्तर ज्या प्रकारच्या गणिताने मिळते, ते त्यांनी आपल्या हाताने मांडून ठेवले होते. त्यांच्या नावावर नव्वदाहून अधिक पुस्तके सांगितली जातात. त्यांतील निम्म्याहून अधिक आज उपलब्ध आहेत.

आपल्या जगात मात्र किताबुल मनाझिर दोन-अडीच शतके फारसे कोणी वाचले नाही, ही दुःखाची पण खरी गोष्ट आहे. लॅटिनमध्ये त्याच्यावर भाष्ये होत असताना पूर्वेकडे ते कपाटांत होते. इराणातील कमालुद्दीन अल-फारिसी यांना त्यांच्या गुरूंनी, कुतबुद्दीन शिराझी यांनी, दूरवरून प्रत मिळवून दिली, तेव्हा ते पुन्हा उघडले गेले. अल-फारिसी यांनी त्याच्यावर तन्कीहुल मनाझिर हे मोठे भाष्य लिहिले, अंधाऱ्या खोलीचे प्रयोग पुढे नेले आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून इंद्रधनुष्याचा उलगडा केला. हे भाष्य प्रथम छापले गेले ते आपल्या दख्खनमध्ये. हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ अल-उस्मानिया या संस्थेने हिजरी १३४७-४८ मध्ये, म्हणजे १९२८ ते १९३० दरम्यान, ते दोन खंडांत प्रसिद्ध केले. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते, आणि गंगाराम तांबट यांनी ज्याची चित्रे काढली ते वेरूळही. ग्रंथाच्या अखेरीस अल-फारिसी यांनी इब्नुल हैसम यांच्या काही लहान पुस्तिका आपल्या टीकेसह जोडल्या आहेत, आणि छिद्रातून उमटणाऱ्या ग्रहणाच्या आकृतीवरची ती पुस्तिका त्यांत आहे.